रानमेथीला तण ठरवले कोणी?



रब्बीत गव्हात, पाटाच्या कडेला, ओल धरणाऱ्या खोलगट जागी तीन-तीन पानांचे, बारीक पिवळ्या फुलांचे रोप उगवते. ती रानमेथी. शेतकीच्या पदवीसाठी आम्ही तिचे नाव तणांच्या यादीत पाठ केले आणि गुण मिळवले. पंजाबात हीच ‘सेंजी’ म्हणून चाऱ्यासाठी पेरतात, हे नंतर कळले. तिकडे पीक, इकडे तण!

आम्हाला शिफारस होते बरसीमची. बरसीम चांगलाच, पण त्याला दर दहा-पंधरा दिवसांनी पाणी हवे. दिवाळीनंतर ज्याच्या विहिरीचा तळ दिसतो, त्या कपाशी-ज्वारीवाल्याला हा सल्ला म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नाची कृती सांगणे.

रानमेथीच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात. पोटासाठी आमची पोरे अंबरनाथचे आनंदनगर गाठतात. तिथल्या कारखान्यांवर जी हवा, तीच आमच्या बांधावर. पाचांतले जवळजवळ चार भाग नत्र! खताच्या कारखान्यात ते बांधायला चार-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. एवढे करून युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र भरते जेमतेम २१ किलो.

पण आम्ही खोटी आशा विकणार नाही. ठणठणीत कोरड्या वावरात ही येणार नाही. सगळी कापून नेली तर नत्रही गोठ्यात जाते; थोडा पाला जमिनीत गाडलाच पाहिजे. आणि चारा बुरसला तर तो विष. त्याने जनावराचे रक्त गोठत नाही. १९२० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत रानमेथीच्या जातभाईंच्या बुरसट चाऱ्याने गाई रक्तस्राव होऊन मेल्या. त्याच विषाच्या अभ्यासातून पुढे उंदीर मारायचे वॉरफरिन निघाले.

म्हणून गुंठाभरच करून पाहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मूग निघालेल्या ओलीच्या तुकड्यात पेरा. बियांचे कवच कठीण. आधी वाळूत चोळा. फुलोरा लागताच कापा, कडब्याच्या कुट्टीत मिसळून ताजीच घाला. काही झाडे बियांसाठी राखा. गव्हात मात्र ती उपटाच.

कृषी विद्यापीठांना आमचे एकच मागणे: काळ्या जमिनीत, नुसत्या ओलीवर तिचे प्रयोग करा आणि आकडे आमच्यासमोर मांडा. आकडे वाईट निघाले तर आम्ही गप्प बसू. पण न तपासता तण म्हणाल, तर जिल्ह्याच्या बैठकीत जाब विचारू.