गुकेश जगज्जेता झाला, पण हे कुलूप त्याला उघडलं नाही : काय आहे फ्रेंच बचाव?

डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला डिंग लिरेनला 7.5–6.5 असं हरवून डी. गुकेश वयाच्या 18 व्या वर्षी जगज्जेता झाला. पण या लढतीतली एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटली. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना गुकेशने तीन डावांत राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे ढकलून सुरुवात केली. तिन्ही वेळा डिंगने एकच उत्तर दिलं : फ्रेंच बचाव. निकाल? डिंगचा एक विजय, दोन डाव बरोबरीत.

फ्रेंच बचाव म्हणजे नेमकं काय?

काळा खेळाडू राजासमोरचं प्यादं एकच घर पुढे सरकवतो. पांढऱ्याने वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे आणलं, की काळाही आपल्या वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे आणून त्याला भिडतो. 1834 मध्ये लंडन आणि पॅरिस यांच्यात पत्राने डाव खेळले गेले. त्यात पॅरिसने हा बचाव वापरला, म्हणून हे नाव.

यात तोटा काय?

जागा कमी मिळते. वजिराच्या बाजूचा उंट आपल्याच प्याद्यामागे कोंडला जातो. अनेकदा तो डावभर नीट बाहेर पडत नाही.

मग डिंगने तो का निवडला?

कारण काळ्याची भिंत मजबूत असते आणि पलटवार कुठून करायचा हे ठरलेलं असतं. पांढऱ्याने प्यादं आणखी पुढे रेटलं, की काळा वजिराकडच्या उंटासमोरचं प्यादं पुढे आणून पांढऱ्याच्या प्याद्यांच्या साखळीचा पाया पोखरतो.

पहिल्याच डावात हे दिसलं. गुकेशने राजाच्या बाजूने प्यादी पुढे ढकलली. डिंगने वजिराच्या बाजूने उत्तर दिलं. गुकेशचा हल्ला पोकळ ठरला आणि 42 चालींत डिंग जिंकला. पाचव्या डावात गुकेशने मधली प्यादी मारामारी करून मोकळी केली, डाव बरोबरीत सुटला. तेराव्यात त्याने जोरदार दबाव आणला, तरी डिंग तगला.

थोडक्यात, बचाव म्हणजे नुसतं मार खात बसणं नव्हे. आधी थोडी अडचण सोसायची आणि समोरचा फार पुढे आला की त्याच्या पायाखालची जमीन काढायची, हाच फ्रेंच बचावाचा हिशोब आहे. आंतरजालावर खेळताना पुढच्या वेळी काळी मोहरी आली, तर एकदा करून बघा. फक्त त्या कोंडलेल्या उंटाला विसरू नका!