आगोटीच्या यादीत विमाही असावा



अक्षय्य तृतीया झाली की रत्नागिरीत घरोघरी आगोटीची लगबग सुरू होते. कौले शाकारली जातात, कडधान्ये उन्हे दाखवून डब्यांत भरली जातात, दुकानांसाठी ताडपत्री येते. या जुन्या यादीत आणखी एक काम जोडावे : कपाटातील विम्याची पॉलिसी काढून वाचावी.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तरी आपल्या दापोली-मंडणगडातील छपरे उडाली आणि नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आले. त्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठी व शिव नद्यांच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अवघ्या चौदा महिन्यांतील हे तीन आघात होत.

अशा वेळी पॉलिसी असूनही भरपाई अपुरी पडू शकते. समजा, दुकानात चाळीस लाखांचा माल आहे. परंतु जुन्याच आकड्यावर नूतनीकरण होत राहिल्याने विमा वीस लाखांचाच आहे. पुरात दहा लाखांचा माल भिजला, तर विमा निम्म्याच किमतीचा म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे सुमारे पाच लाख मिळते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते; त्याहून अधिक तूट मात्र आपल्याच माथी येते. म्हणून गणपती-दिवाळीचा माल भरण्यापूर्वीच विम्याची रक्कम वाढवून घ्यावी. वादळ व पूर यांचे संरक्षण पॉलिसीत आहे ना, तसेच गोदामाचा पत्ता अचूक आहे ना, हेही पाहावे.

घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी आहे. तीत घरसामानाचा विमा इमारतीच्या विमारकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपये, आपोआप मिळतो. दागिन्यांसाठी मात्र स्वतंत्र संरक्षण मागावे लागते. गाडीचा केवळ तृतीय पक्ष विमा असेल, तर पुरात आपल्या गाडीचे झालेले नुकसान मिळत नाही. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करण्याचा प्रयत्नही करू नये. त्याने बिघडलेल्या इंजिनाची भरपाई सहसा नाकारली जाते.

दुकानात खालच्या फळ्यांवरील किमती माल माळ्यावर न्यावा. खरेदीची बिले, साठ्याची वही व पॉलिसी यांची छायाचित्रे परगावच्या नातलगाकडेही पाठवून ठेवावीत. दुर्दैवाने नुकसान झालेच, तर विमा कंपनीस त्वरित लेखी कळवावे, सर्व मालाची छायाचित्रे घ्यावीत आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत भिजलेला माल फेकू नये. दुकान लवकर उघडण्याच्या घाईत केलेली साफसफाई नुकसानीचा पुरावाच धुऊन नेते.

हे सारे काम एका दुपारचे आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी ती दुपार अवश्य काढावी.