अनलिमिटेड प्लॅन असूनही बॅलन्स का कापला जातो? ब्रिटनच्या फोन नंबरांचे गणित

भारतात अनलिमिटेड रिचार्ज मारला की फोन कुठे लावतोय, याचा फारसा विचार करावा लागत नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी ब्रिटनला गेल्यावर मात्र हीच सवय महागात पडू शकते. तिथे कॉलचा दर नंबरच्या सुरुवातीच्या दोन-तीन आकड्यांवर ठरतो.

०१ आणि ०२ म्हणजे शहरांच्या लँडलाइन. लंडनचा कोड ०२०. ०३ सरकारी खाती आणि संस्था वापरतात. त्याचा दर ०१-०२ इतकाच असतो आणि प्लॅनमध्ये मोफत मिनिटे असतील तर ती इथेही चालतात. ०७ बहुतांश मोबाइलचे. इथवर सोपे आहे.

खरी गोम ०८ मध्ये आहे. ०८०० आणि ०८०८ हे नंबर १ जुलै २०१५ पासून मोबाइलवरूनही मोफत आहेत. पण दिसायला त्यांच्यासारख्याच ०८४ आणि ०८७ नंबरांना पैसे पडतात. ०८४५ ची तर एकेकाळी ‘लोकल रेट’ म्हणून ओळख होती. आता तसे राहिलेले नाही.

या नंबरांचे बिल दोन तुकड्यांत येते. पहिला सर्व्हिस चार्ज, जो तुम्ही फोन केलेली कंपनी ठरवते. ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने ०८४ साठी मिनिटाला ७ पेन्स आणि ०८७ साठी १३ पेन्स अशी त्याची कमाल मर्यादा घातली आहे. दुसरा अ‍ॅक्सेस चार्ज, तो तुमच्या सिमची कंपनी लावते. समजा तो मिनिटाला ६० पेन्स आहे. मग ०८७ वरच्या १० मिनिटांच्या कॉलचे ७ पौंड ३० पेन्स होतात आणि त्यातले ६ पौंड तुमच्याच मोबाइल कंपनीचे! जाहिरातीत सर्व्हिस चार्जचा आकडा असतो, अ‍ॅक्सेस चार्जचा नुसता उल्लेख. ०९ नंबरांवर तर सर्व्हिस चार्जच मिनिटाला ३ पौंड ६० पेन्सपर्यंत जाऊ शकतो.

घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार करायची असेल, तर दुकानदाराने साध्या दराचा नंबर दिलाच पाहिजे, असा नियम २०१४ पासून आहे. त्यामुळे नंबर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्यावा. सर्चमध्ये वर दिसणारा नंबर कधी कधी फक्त कॉल जोडून देणाऱ्या मध्यस्थाचा असतो आणि त्याचे मीटर वेगळे पळते.

भारतातून फोन करताना सुरुवातीचे शून्य काढून +४४ लावायचे. ०८ चे नंबर परदेशातून अनेकदा लागतच नाहीत, लागले तरी मोफत असतीलच असे नाही. अशा वेळी त्या संस्थेचा ०१, ०२ किंवा ०३ ने सुरू होणारा नंबर शोधावा.