डिझेलची बचत गोठ्यापासून : ठाणे जिल्हा परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, ठाणे.

डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले, जून २०१७ पासून देशभर ते रोज बदलता येऊ लागले आणि मे २०२१ च्या अखेरीस मुंबईत पेट्रोलने लिटरमागे १०० रुपयांची पातळी ओलांडली. या दरांत मिसळलेला राज्याचा मूल्यवर्धित कर किमतीच्या टक्केवारीने आकारला जात असल्यामुळे मूळ दर चढला की करही चढतो. १ जुलै २०२४ पासून राज्याने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई महापालिका क्षेत्रांत डिझेलवरील कर २४ वरून २१ टक्क्यांवर आणला. परंतु उर्वरित राज्यात तो आधीपासूनच २१ टक्के असल्याने वाशिंद, शहापूर आणि मुरबाडच्या शेतकऱ्याला त्या सवलतीतून काहीच मिळाले नाही.

दर ठरवणे जिल्हा परिषदेच्या हाती नाही, पण डिझेलची गरज कमी करणे आहे. स्वस्त इंधनाची चर्चा निघाली की बहुधा वाहनांचाच विचार होतो. वास्तविक सुरुवात जागच्या जागी चालणाऱ्या इंजिनांपासून, विशेषतः भातसा आणि काळू नद्यांच्या काठी भाजीपाल्याला पाणी देणाऱ्या पंपांपासून व्हावयास हवी. गोबरगॅस वापरायचा तर वाहनासाठी तो शुद्ध करून मोठ्या दाबाने टाकीत भरावा लागतो आणि तो खर्च लहान गावाला झेपत नाही, तर पंपापर्यंत तोच वायू साध्या नळीने नेता येतो.

गोबरगॅस म्हणजे शेण हवेविना कुजून तयार होणारा, मुख्यतः मिथेन असलेला वायू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते, आणि तेवढ्या उष्णतेने हा वायू एकटा पेटत नाही. म्हणून तो हवेबरोबर आत घेऊन पेटवणीपुरते डिझेल दिले जाते. या दुहेरी इंधन पद्धतीत डिझेलचा वापर ७० ते ८० टक्क्यांपर्यंत घटू शकतो. मात्र एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो, आणि ५ अश्वशक्तीचे इंजिन चार तास चालवण्यास सुमारे १० घनमीटर वायू, म्हणजे जवळजवळ २५० किलो शेण लागते. हे एका घराचे काम नव्हे. वस्तीने मिळून उभारलेला प्रकल्पच टिकेल.

असे शेण आज काही प्रमाणात जाळलेही जाते. येथील भातशेतीत राब भाजण्याची रीत आहे : रोपांसाठी राखलेल्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि गवत पसरून ते जाळले जाते. त्या आगीत शेणातील ऊर्जा वाया जाते आणि बराचसा नत्रही उडून जातो, उलट वायू काढून घेतल्यावर उरलेली मळी खत म्हणून शेतात परत जाते. तरीही राबामुळे तणाचे बी मरते, हे शेतकरी अनुभवाने जाणतो; त्याला दोष देण्याऐवजी त्याच्याच शेतात मळीवर वाढवलेली रोपे दाखवणे हाच योग्य मार्ग आहे.

स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात गोबरधन, म्हणजे शेणापासून वायू व खत मिळवण्याच्या, प्रकल्पांसाठी प्रत्येक जिल्ह्याला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली. उभारणीला पैसा मिळतो, दुरुस्तीला माणूस मिळत नाही, आणि म्हणूनच अनेक जुनी गोबरगॅस संयंत्रे गळक्या घुमटासह बंद पडली. जिल्हा परिषदेने शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गोठे व पंप जवळजवळ असलेली प्रत्येकी एक वस्ती निवडावी, तेथील तरुण-तरुणींना दुरुस्तीचे प्रशिक्षण द्यावे आणि वाचलेल्या डिझेलचा हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे ठेवावा, ही विनंती.