परकायाप्रवेशाचे पथ्य

आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केला, ही कथा आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा ऐकलेली असते. उभयभारतीने वादात जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे संन्याशाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. म्हणून काही काळ राजा होऊन राहण्याची पाळी त्यांच्यावर आली. माझे लक्ष मात्र त्या कथेतल्या एका बारीकशा गोष्टीकडे जाते. निघताना आचार्यांनी आपला मूळ देह शिष्यांच्या स्वाधीन केला आणि त्याला डोळ्यांत तेल घालून जपायला सांगितले. दुसऱ्याच्या देहात शिरायचे तर स्वतःचा देह आपण कोठे ठेवून आलो याची आठवण असावी लागते, एवढा व्यवहार त्यांना पक्का ठाऊक होता.

ही विद्या आज फार स्वस्त झाली आहे. तिला ना मंत्र लागत, ना गुहा. हातात मोबाइल असला की पुरे. एकमेकांपासून शेकडो मैलांवर बसलेली दोन माणसे एखाद्या चित्रपटातली दोन पात्रे वाटून घेतात. एक जण आपल्या पात्राच्या वतीने चार ओळी लिहून पाठवितो. दुसरा आपल्या पात्राच्या वतीने त्यांना उत्तर देतो. चित्रपटात जो प्रसंग कधी घडलाच नाही तो असा ओळीमागून ओळ घडत जातो. याला 'रोल-प्ले' म्हणतात. प्रकार अगदी कालचा नाही. इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रुबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा संगणकावरचा खेळ रचला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढविला. त्या खेळात चित्रे नव्हती, नुसते शब्द होते; आणि शब्दांच्या त्या जगात अनेक जण एकाच वेळी वावरू शकत. आजचा हा पसारा त्याच वळणाचा आहे.

खेळ म्हटला की नियम आले. पहिला नियम असा की, समोरच्याचे पात्र आपण हलवायचे नाही. 'मी तिच्याकडे पाहिले' असे लिहावे. 'माझ्या नजरेने ती विरघळली' असे लिहू नये, कारण विरघळायचे की नाही हे तिचे तिने ठरवायचे आहे. हा नियम मोडणाऱ्याला 'गॉडमॉडिंग' करणारा, म्हणजे स्वतःच देव होऊन बसणारा म्हणतात. दुसरा नियम असा की, जे आपल्याला ठाऊक आहे पण आपल्या पात्राला ठाऊक नाही, ते त्याच्या तोंडी घालायचे नाही. तिसरा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटला. खेळणाऱ्याला स्वतःच्या नावाने काही सांगायचे असेल तर त्याने ते कंसात लिहावे. कंसाबाहेर पात्र, कंसात माणूस. आचार्यांचे शिष्य गुहेच्या तोंडाशी बसत. इथे तेच काम दोन कंस करतात.

या खेळाचा एक खटला मध्यंतरी माझ्यापुढे आला, म्हणून हा विषय. माझे दोन जुने विद्यार्थी. एक नोकरीनिमित्त बंगळूरला, दुसरी टोरांटोला. कॉलेजात असल्यापासूनची मैत्री, मायदेश सुटल्यावर विरत चाललेली. ती टिकावी म्हणून दोघांनी मराठीतून हा खेळ मांडला आणि त्यासाठी चित्रपट निवडला 'कासाब्लांका'. तो झाला रिक, ती झाली इल्सा. पाच-सहा महिने खेळ उत्तम चालला, आणि एका रात्री असा बिनसला की त्यानंतर तीन आठवडे दोघांत अवाक्षर नाही. तिचे म्हणणे, "सर, हा रिक नव्हेच." त्याचे म्हणणे, "सर, रिक कडवटच बोलतो. तिने चित्रपट पुन्हा पाहावा." दोघांनीही सारे लिखाण माझ्याकडे पाठवून दिले आणि निकाल मागितला. मराठीच्या प्राध्यापकाकडे असली कामे क्वचित येतात. मी ते इमानाने वाचले.

मायकेल कर्टिझने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९४२ चा. फ्रेंच मोरोक्कोतले कासाब्लांका शहर, महायुद्धाचा काळ. नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेला निघालेले निर्वासित तिथे परवान्यांसाठी अडकून पडलेले. त्या गावात रिक ब्लेन हा अमेरिकन माणूस एक हॉटेल चालवितो. हंफ्री बोगार्टने तो उभा केला आहे. आपण कोणाच्याही भानगडीत पडत नाही, असे तो सांगत असतो. मग एके दिवशी पॅरिसमध्ये त्याला न सांगता सोडून गेलेली इल्सा, म्हणजे इन्ग्रिड बर्गमन, आपल्या क्रांतिकारक नवऱ्याबरोबर नेमकी त्याच्याच हॉटेलात येते.

असा माणूस लिहायला घेतला की नवशिक्या आधी त्याच्या कपड्यांना हात घालतो. पांढरा कोट, सिगारेट, पुढ्यात ग्लास आणि तोंडी एखादे गाजलेले वाक्य. यातली गंमत अशी की, रिकच्या नावावर जगभर खपणारे सर्वांत प्रसिद्ध वाक्य, सॅमला ते गाणे 'पुन्हा एकदा' वाजवायला सांगणारे, त्या शब्दांत चित्रपटात कोणीच उच्चारीत नाही. वुडी अॅलनने १९६९ साली आपल्या नाटकाला त्या वाक्याचे नाव दिले, १९७२ साली त्याचा चित्रपट निघाला, आणि न बोललेले वाक्य रिकला कायमचे चिकटले. टोपी आणि टाळीचे वाक्य यांवर भरवसा ठेवला की असे होते. माझ्या विद्यार्थ्याने हे टाळले होते, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

मग रिक सापडतो कोठे? तो बोलतो एक आणि करतो दुसरे, त्या दोहोंमधल्या फटीत. बल्गेरियाहून पळून आलेली एक कोवळी नवपरिणीता त्याच्याकडे सल्ला मागायला येते. परवान्याच्या मोबदल्यात पोलिस कॅप्टन रेनोला काय हवे आहे, हे तिला कळून चुकलेले असते. रिक तिला तुटकपणे बल्गेरियाला परत जायला सांगतो, आणि लगेच जुगाराच्या टेबलाशी जाऊन तिच्या नवऱ्याला बावीस या आकड्यावर पैसे लावायला सुचवितो. आकडा लागतो, रिक पुन्हा बाविसावरच लावायला सांगतो, पुन्हा लागतो. नुकसान रिकच्याच पेढीचे. ती मुलगी कृतज्ञतेने त्याला मिठी मारते, तर तुझा नवरा नशीबवान एवढेच म्हणून हा तेथून काढता पाय घेतो. रिक लिहिणाऱ्याने त्याच्या हाताला दयाळू करावे, जिभेला करू नये. त्याने एकदा जरी 'मला तुझी कीव आली' असे म्हटले, तरी तो रिक राहत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. कथा घडते डिसेंबर १९४१ मध्ये. महिना आणि साल रिक स्वतःच दारूच्या भरात सॅमला बोलून दाखवितो. पर्ल हार्बरवरचा हल्ला ७ डिसेंबर १९४१ चा. प्रेक्षक थिएटरात बसला तेव्हा अमेरिका युद्धात उतरून वर्ष होत आले होते. त्या रात्रीच्या रिकला त्याचा पत्ताही नाही. युद्ध कोण जिंकणार हे मनातल्या मनात ठाऊक असलेला रिक फार धीराचा वाटतो, आणि म्हणूनच खोटा वाटतो. पात्राचे अज्ञान हेही त्याच्या स्वभावाइतकेच प्रामाणिकपणे सांभाळावे लागते.

तिसरी अडचण खास मराठीतली, आणि ती या दोघांनी फार सुंदर सोडविली होती. इंग्रजीत सगळे एकाच 'यू'वर भागते. मराठीत रिकने तोंड उघडले की पहिल्याच वाक्यात त्याला ठरवावे लागते, इल्साला तू म्हणायचे की तुम्ही? पॅरिसमध्ये अर्थातच तू. पण इथे शेजारी तिचा नवरा बसलेला, समोर कॅप्टन रेनो कान टवकारून. माझ्या विद्यार्थ्याने तिथे 'तुम्ही' घातले होते. आणि पॅरिसमधल्या त्या शेवटच्या दिवशी जर्मनांचे कपडे करडे होते आणि 'तुमचे' निळे, असे त्याच्या रिकने म्हटले तेव्हा त्या एका 'तुमचे'ने मला चटका बसला. इंग्रजी संवादाला जे अंगविक्षेपाने साधावे लागते ते आपल्या भाषेचे एक सर्वनाम करून जाते.

इतके सगळे नीट जमलेल्या मुलाचे बिनसले कोठे? त्याच रात्रीच्या पुढच्या प्रसंगात. चित्रपटात हॉटेल बंद झाल्यावर इल्सा एकटी परत येते. रिक प्यालेला असतो. ती खुलासा करू पाहते. तो तिला जिव्हारी लागेल असे बोलतो, पण ते मोजक्या शब्दांत. ती काही न बोलता निघून जाते आणि तो टेबलावर डोके टेकतो. आमच्या रिकने मात्र दीड हजार शब्द लिहिले होते. शब्द धारदार होते, मधूनमधून चांगलेच साधलेलेही होते. पण मधेच एक वाक्य आले: "माझी आई दवाखान्यात होती तेव्हा तू एकदा तरी विचारलेस?"

मी थबकलो. रिकला आई असणार, हे शरीरशास्त्रदृष्ट्या मान्य. पण चित्रपटभर तिचा शब्दाने उल्लेख नाही. अमेरिकेला परत का जात नाही, हे रेनोने खोदून विचारले तरी रिक त्याला थट्टेवारी नेतो. तो मनुष्य आईचे दुखणे असे टेबलावर मांडील? हे वाक्य कासाब्लांकातून आलेले नव्हते. ते बंगळूरच्या एका इस्पितळातल्या बाकावरून आलेले होते. टोरांटोच्या इल्साने ते तत्क्षणी ओळखले. तिला राग आला तो कडवटपणाचा नव्हे. 'तू मला जे विचारायचेस ते तुझ्या तोंडाने विचार, दुसऱ्याच्या तोंडाने का?' असा तो राग होता.

मी निकाल लिहून पाठविला तो थोडक्यात असा. रिक तिच्याशी निष्ठुर वागू शकतो. खेळात त्याला पूर्ण मुभा आहे. त्याला नवे प्रसंग द्या, नवी माणसे भेटवा, शेवटी विमानात बसवायचे असेल तर तेही करा. फक्त तो बसेल ते त्याच्या कारणासाठी बसला पाहिजे, आपल्या हौसेसाठी नव्हे. परंतु आपली जुनी उधारी वसूल करायला त्याला पाठवू नये. तो मुखत्यार नाही. आईविषयीचा प्रश्न खरा आहे, विचारण्याजोगा आहे, आणि त्याची जागा कंसात आहे. त्याने नंतर कंसात काय लिहिले आणि तिने काय उत्तर दिले, हे मी विचारले नाही. ते माझे कामही नव्हते.

आपल्याकडे हा खेळ पडद्यावाचून आणि मोबाइलवाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तळकोकणात जत्रेच्या रात्री दशावताराचा खेळ उभा राहतो तेव्हा नटांच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. कथानक आधी ठरते, सोंगे वाटली जातात, आणि मग पेटी-मृदंगाच्या साथीवर भीम, दुर्योधन, द्रौपदी आपापले शब्द तिथल्या तिथे घडवीत जातात. संहिता नाही, म्हणून कोणी भीमाच्या तोंडून वाटेल ते बोलत नाही. समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना भीम नटापेक्षा जास्त ठाऊक असतो; पाय घसरला की ते ओळखतात. दूर देशी दोघांतच चाललेल्या या नव्या खेळात तो प्रेक्षक नाही. पात्राची राखण करायला समोरचा एकच माणूस असतो, आणि खेळणाऱ्याला दुखावले तर तोच दुखावतो. म्हणून तिथे पथ्य अधिक कडक हवे.

ज्या घरांत तरुण मुले रात्री उशिरापर्यंत असले काही लिहीत बसतात त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी ते अगदीच टाकाऊ समजू नये. रोज उठून 'मला काय वाटते' एवढेच जगाला ऐकविण्याच्या या दिवसांत, 'याला काय वाटेल?' असा प्रश्न पडणे ही लहान गोष्ट नाही. आपण ज्या पात्राच्या वतीने लिहितो ते एखाद्या दिवशी आपल्या मनाविरुद्ध एक वाक्य बोलते. आपण ते खोडायला जातो आणि खोडवत नाही, कारण ते त्याचे असते, आपले नसते. त्या दिवशी खुशाल समजावे की परकायाप्रवेश साधला. तोवर आपला देह कोठे ठेवला आहे ते विसरू नये, आणि कंस हाताशी असू द्यावेत.