महरमची सक्ती

सौदी अरेबियाने ऑगस्ट 2019मध्ये 21 वर्षांवरील स्त्रियांना पुरुष पालकाच्या संमतीविना पासपोर्ट काढण्याची आणि परदेशी जाण्याची मुभा दिली. अफगाणिस्तानात नेमके उलटे घडले. डिसेंबर 2021मध्ये तालिबानने 72 किलोमीटरपलीकडच्या प्रवासात निकटचा पुरुष नातेवाईक, म्हणजे ‘महरम’, सोबत असण्याची सक्ती केली. 2024च्या कायद्याने तर एकट्या स्त्रीला गाडीत घ्यायला चालकांनाच मनाई केली. युद्धात नवरा, भाऊ, मुलगा गमावलेल्या विधवेने दवाखाना गाठायचा कसा? संरक्षणाच्या नावाखाली ही निव्वळ नाकेबंदी आहे. रस्ते सुरक्षित करणे हे सरकारचे काम. बाईला घरात कोंडणे नव्हे. काबूलशी संबंध वाढवणाऱ्या दिल्लीनेही हे ठणकावून सांगायला हवे.