मानसशास्त्रात पीएचडी : एमए टाळता येते, पण टाळावे का?

'आता एमए न करता थेट पीएचडी' हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरत असतो. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. आमच्या समाजातल्या अनेक मुली आज मानसशास्त्राकडे वळत आहेत, म्हणून उरलेली अर्धी बाजू समजून घेणे जरुरी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएचडीचे नवे नियम काढले. त्यानुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्यालाही पीएचडीला प्रवेश मिळू शकतो. अट एवढीच की गुण किमान ७५ टक्के हवेत. एमए असेल तर मात्र ५५ टक्के पुरतात. ओबीसींना दोन्हीकडे ५ टक्क्यांची सूट आहे. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी अशा बिरादरीतल्या कुटुंबांनी नॉन-क्रिमिलेअर दाखला वेळेत काढून ठेवावा. दाखला नाही म्हणून सूट गेली, असे आम्ही दरवर्षी ऐकतो.

७५ आणि ५५ यांतला हा २० टक्क्यांचा फरकच सगळे सांगून जातो. एमएचे बंधन गेले, पण एमएची किंमत कमी झालेली नाही. शिवाय महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवे शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झाले, म्हणजे तिथली चार वर्षांची पहिली तुकडी २०२८ मध्ये बाहेर पडेल. तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र हा विषय तरी आहे का, हा सवाल तर त्याच्याही आधीचा. बारावीनंतर उर्दू किंवा इतिहास घेतलेल्या मुलीला हा थेट रस्ता जवळपास बंदच आहे.

अशा मुलींसाठी एक वाट होती. इग्नूचे मानसशास्त्राचे एमए कोणत्याही शाखेच्या पदवीवर करता येत असे. निकाह झालेल्या, मुले सांभाळणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी बायकांना घरी बसून अभ्यास करण्याची ती सोय होती. ऑगस्ट २०२५ मध्ये यूजीसीने आरोग्याशी जोडलेले विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला मनाई केली, आणि त्यात मानसशास्त्रही आले. माणसाच्या मनावर काम करणाऱ्याने प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे, हा विचार गैर म्हणता येणार नाही. पण त्याचा भार कुणावर पडला तेही पाहा. इकडे चार वर्षांच्या पदवीवाल्यासाठी दार उघडले, तिकडे उशिरा शिकायला निघालेल्या बाईचे दार लागले. ज्यांनी ही पदवी आधीच मिळवली आहे त्यांनी घाबरू नये. हा निर्णय नव्या प्रवेशांबद्दल आहे.

आता निवड कशी होते ते पाहू. जून २०२४ पासून नेट परीक्षेचा निकाल तीन गटांत लागतो. तिसरा गट फक्त पीएचडी प्रवेशासाठी असतो. फेलोशिप न मिळालेल्या गटांना प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन दिले जाते, आणि हे गुण एकच वर्ष चालतात. काही विद्यापीठे आपली वेगळी प्रवेश परीक्षाही घेतात. नेटच्या पेपरात एमएला वेगळे गुण नाहीत. फरक पडतो तो तयारीत आणि मुलाखतीत. तिथे विचारतात : कशावर संशोधन करणार, नमुना कसा निवडणार, कोणती चाचणी वापरणार, संख्याशास्त्र कितपत येते? एमएला दोन वर्षे प्रात्यक्षिके केलेली आणि स्वतःचा छोटा शोधप्रबंध लिहिलेली मुलगी इथे ठामपणे बोलते. तेव्हा ७५ टक्के असले तरी, घरची ऐपत असेल तर, रेग्युलर एमए करून मग पुढे जावे असे आमचे मत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर एमए एकाच वर्षाचे असते, हेही लक्षात ठेवावे.

ऐपतीचा मुद्दा निघालाच आहे तर पैशाचेही बोलू. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. जेआरएफ थोडक्यात हुकलेल्या मुलांना तिचा आधार मिळायचा. पीएचडीला किमान तीन वर्षे लागतात. तेवढा काळ फेलोशिपशिवाय काढणे आमच्या बहुतेक घरांना झेपत नाही. म्हणून एमएच्या पहिल्या वर्षापासूनच नेटची तयारी सुरू करावी. मुलींच्या बाबतीत वालिदैन लग्नाची काळजी करतात, त्यांना एक माहिती असू द्या : नियमांत स्त्रियांना जादा दोन वर्षांची मुदत आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे.

एक गैरसमज मात्र सर्रास दिसतो. मानसशास्त्रात पीएचडी झाली म्हणजे दवाखाना टाकून मनोरुग्ण तपासता येतात, असे अनेकांना वाटते. तसे नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडची नोंदणी लागते. आजवर त्यासाठी दोन वर्षांचे एमफिल होते. त्याची मुदत २०२५-२६ पर्यंतच वाढवलेली होती, आणि आता क्लिनिकलचे वेगळे एमए आले आहे. मुलीला शिकवायचे आणि संशोधन करायचे आहे की रुग्णांसोबत बसायचे आहे, हे एमएचा फॉर्म भरण्याआधीच तिला विचारावे. दुसरे उत्तर आले तर ज्या कॉलेजात प्रवेश घेताय त्याचे नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते फी भरण्यापूर्वी तपासावे.